खोली तिची, घर सगळ्यांचं

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलं दिवसभर घरात असतात आणि त्यांच्या आयांची पत्रं माझ्याकडे येऊ लागतात. या वेळी वाढत्या मुलांच्या खोलीबद्दलची पत्रं एकत्र घेतली आहेत. जागेसाठी ती थोडी कमी केली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. दोन वर्षांपूर्वी आम्ही जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला, तो मुख्यतः मुलीला स्वतंत्र खोली मिळावी म्हणून. ती आता दहावीत जाईल. तिच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. खुर्चीवर कपड्यांचा ढीग, पलंगावर वह्या, चार्जर, कंगवा, टेबलाखाली मॅगीची वाटी. ओला टॉवेल गादीवर. सांगायला गेलं की 'करते ना मम्मी' म्हणते आणि दार लावून घेते. मागच्या रविवारी ती क्लासला गेल्यावर मी सगळी खोली आवरली, दोन पिशव्या कचरा काढला. वाटलं, खूश होईल. तर रडून रडून तिने घर डोक्यावर घेतलं आणि अजून नीट बोलत नाही. सासूबाई म्हणतात, 'मुलीच्या जातीला हे शोभत नाही, उद्या सासरी काय करेल?' हे म्हणतात, 'सोड की, वयच आहे.' मला तर वाटतं, मला त्रास द्यायलाच ती हे करते. काय करू?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ती तुम्हाला त्रास द्यायला हे करत नाही. हे आधी सांगते, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त दुखणारं वाक्य तेच आहे. मी बरीच वर्षं आठवी ते दहावीच्या वर्गांना शिकवलं आणि नंतर त्याच वयाच्या मुलांची समुपदेशक म्हणून काम केलं. आईवर सूड म्हणून पसारा घालणारी मुलगी मला भेटलेली नाही. ज्या भेटल्या त्यांना पसारा दिसत होता, मैत्रीण घरी येणार म्हटलं की लाजही वाटत होती. फक्त हात कुठे घालायचा ते सुचत नव्हतं.

यामागे शरीराचं कारण आहे. कामाचा क्रम लावणं, कंटाळवाणं काम सुरू करणं, हातातलं सोडून दुसऱ्याकडे वळणं, हे सगळं मेंदूच्या कपाळामागच्या भागाकडे असतं. तो भाग पूर्ण तयार व्हायला साधारण पंचविशी उजाडते. तुम्ही 'खोली आवर' म्हणता तेव्हा तुमच्या डोक्यात कामांची रांग आपोआप लागते : आधी भांडी, मग धुण्याचे कपडे, मग घडीचे, मग वह्या, मग केर. वर्षानुवर्षं घर चालवून ती रांग तुमच्या हाताला बसली आहे. तिच्यासमोर मात्र एक अख्खी खोली असते. म्हणून ती पलंगावर बसून मोबाईल उघडते.

झोपेचंही तसंच. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरायला लागतं. मुलं उशिरा झोपतात, सकाळी त्यांना उठवत नाही, आणि त्यांना झोप तर आठ ते दहा तास लागते. शाळा, क्लास, आपल्याकडचं बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं ऊन. संध्याकाळी सातला घरी आलेल्या मुलीला दारातच 'आधी ती खोली बघ' म्हटलं, तर ती दार लावून घेणारच.

आता त्या दोन पिशव्यांबद्दल. तुम्ही मायेने आवरलंत, याबद्दल शंका नाही. तरीही तिच्या माघारी खोली आवरू नका, आणि तिला न विचारता काहीही टाकू नका. तुम्हाला कचरा वाटलेल्या पिशवीत गॅदरिंगचा बिल्ला असेल, मैत्रिणीने वर्गात मागून सरकवलेली चिठ्ठी असेल, फाटकी पण आवडती ओढणी असेल. पंधराव्या वर्षी माणसाच्या मालकीचं फार थोडं असतं. पैसे आई-वडिलांचे, वेळापत्रक शाळेचं, कपडेसुद्धा बहुतेक आपण पसंत केलेले. त्या थोड्यावर कुणी न विचारता हात घातला, तर रडू येणारच. आजच तिच्याजवळ जाऊन म्हणा, 'तुला न विचारता टाकलं, ते बरोबर झालं नाही. पुन्हा करणार नाही.' पुढे 'पण तूही...' जोडू नका. वाक्य तिथेच संपवा.

मग तुमचे यजमान म्हणतात तसं सोडून द्यायचं का? अर्धं सोडायचं. खुर्चीवरचे कपडे, न घातलेली चादर, पुस्तकांचा ढीग, भिंतीवरचे कागद, याने कुणाचं काही बिघडत नाही. ते तिचं तिच्यावर सोडा. बघवत नसेल तर दार ओढून घ्या. पण काही गोष्टींचा संबंध घरातल्या सगळ्यांच्या तब्येतीशी आणि जिवाशी येतो. त्यात सूट नाही, आणि ते तिला शांतपणे, कारणासहित सांगायचं.

पहिली गोष्ट खरकट्याची. वाटी, ताट, शेंगाचटणीचे सांडलेले कण, बिस्किटाचा चुरा यांच्यावर एका रात्रीत मुंग्या येतात आणि झुरळं मुक्कामाला येतात. झुरळं तिच्या खोलीत थांबत नाहीत, ती स्वयंपाकघरात येतात. म्हणून रात्री झोपण्याआधी भांडी सिंकमध्ये. घासायची की नाही हा वेगळा वाद आहे, आज तो काढू नका. सिंकपर्यंत पोचली तरी पुरे.

दुसरी गोष्ट ओल्या कापडाची. आपला सोलापुरी टर्किश टॉवेल जाड, भरपूर पाणी पिणारा. त्याची कीर्ती त्याचमुळे आहे आणि गादीवर चुरगळून टाकला तर तो दिवसभर वाळत नाही, तेही त्याचमुळे. ओलसर टॉवेल आणि घामाचे कपडे यांतून बुरशी वाढते. उन्हाळा-पावसाळ्यात जांघेत, काखेत गजकर्ण झालेली किती मुलं त्वचेच्या डॉक्टरांकडे जातात ते त्यांनाच विचारा, आणि मुलं लाजेने ते महिनोन्महिने लपवतात. तिच्या दारामागे खुंट्या ठोकून द्या. टॉवेल पसरून टाकायला हाताशी जागा असली की तो गादीवर पडणं आपोआप कमी होतं.

तिसरी गोष्ट आपल्या गावात सगळ्यात महत्त्वाची आणि पत्रांत कुणीच न लिहिलेली : कूलर. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, म्हणून आपण पिंप, बादल्या, टाक्या भरून ठेवतो. मुलांच्या खोलीतला कूलर आत काय आहे हे न बघता वरून भरला जातो. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. नुसतं पाणी ओतून टाकून चालत नाही, टाकीच्या कडा आतून घासायच्या, कारण अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. हे काम तिला द्या. स्विच बंद करून, प्लग काढून, मगच हात घालायचा, हे एकदा समोर उभं राहून दाखवा. 'खोली आवर' पेक्षा हे तिला लवकर पटेल, कारण यात खरं कारण आहे आणि ते तिच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं आहे.

चौथी, चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली किंवा चादरीत नको. आपली जाड चादर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. शेवटची, पलंगापासून दारापर्यंतची वाट मोकळी. रात्री वीज गेली, कुणाला बरं वाटेनासं झालं, तर अंधारात ठेच न लागता आत-बाहेर करता आलं पाहिजे.

एवढंच सक्तीचं ठेवा. यादी लांबली की तिला सगळंच आईचं कुरकुरणं वाटतं, आणि मग कूलरही राहून जातो.

बाकीच्यासाठी थोडी युक्ती लागते. खुर्चीवरचा ढीग बहुतेक एकदा घातलेल्या कपड्यांचा असतो : ना धुवायला टाकायचे, ना घडी करून कपाटात ठेवायचे. कपाटात त्यांना जागाच नसते, म्हणून ते खुर्चीवर येतात. खुंट्यांचा उपयोग इथेही होतो. धुण्यासाठी झाकण नसलेली टोपली द्या. झाकण उचलणं ही एक पायरी झाली, आणि एवढ्या पायरीनेही कपडा जमिनीवर पडतो. धुण्याचा दिवस पाण्याच्या दिवसाला जोडा. 'उद्या पाणी येणार आहे, आज रात्री टोपली बाथरूमपाशी आली तर कपडे धुतले जातील, नाही तर पुढच्या पाण्याला.' हे तुम्ही ठरवलेलं नाही, नळाच्या वेळेने ठरवलंय, आणि सोलापूरच्या घरात त्या वेळेशी कुणी भांडत नाही. पण मग खरंच थांबा. टोपली आली नाही तर गुपचूप जाऊन कपडे गोळा करू नका. युनिफॉर्मची सोय तिची तिने बघावी. एकदा चुरगळलेला युनिफॉर्म घालून शाळेत गेल्याने तिचं काही बिघडणार नाही.

आठवड्यातून एकदा, तिने निवडलेल्या वेळी, अर्धा तास तुम्ही तिच्यासोबत बसा. आवरायचं तिने. तुम्ही फक्त कामाचा एकेक तुकडा सांगायचा : 'आधी फक्त भांडी.' झालं की 'आता फक्त कागद.' गाणी लावू दे. जुन्या वह्यांची रद्दी तिने वजन करून द्यावी, पैसे तिचे. न होणारे कपडे बोहारणीला तिनेच काढून द्यावेत, कुठला द्यायचा आणि कुठला नाही हेही तिनेच ठरवावं. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी, ताप असताना, पाळीच्या पहिल्या दिवशी खोलीचा विषय काढूच नका.

राहिलं सासूबाईंचं वाक्य. तुम्ही त्यांना आदराने पण ठाम सांगायला हवं, आणि मुलीला ऐकू येईल असं सांगायला हवं : ती स्वतःची वाटी उचलायला शिकते आहे, कारण ती तिची वाटी आहे. सासरचा धाक दाखवून शिकवलेली स्वच्छता मुलीला एवढंच सांगते, की हे घर तुझं नाही आणि पुढचंही तुझं नसेल. आणि घरात मुलगा असता तर हेच वाक्य बोललं गेलं असतं का, हे सगळ्यांनी स्वतःला विचारावं.

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा. मी नोकरी करते, त्यामुळे केर-फरशीला येणाऱ्या मावशींना वरचे पैसे देऊन त्याची खोलीही आवरून घ्यावी का?
– होटगी रोड

उत्तर : जमीन मोकळी असेल तर केर-फरशी जरूर. पण धडधाकट मुलाची उष्टी ताटं, मोजे, आतले कपडे मावशींनी उचलायचे नाहीत, पैसे देऊनही नाही. मावशी येण्याआधी जमीन मोकळी नसेल, तर त्या दिवशी त्या खोलीला झाडू नाही. हे त्याला आधी सांगून ठेवा आणि मावशींनाही सांगा, म्हणजे त्यांना अवघड वाटणार नाही.

प्रश्न : मॅडम, तुम्ही सगळे मुलांच्या खोलीवर लिहिता. आमच्याकडे खोली कुठली? पूर्व भागात दोन खोल्या, आम्ही पाच जण, शेजारच्या शेडमध्ये माग. मी रात्रपाळी करून दिवसा झोपतो. पोरगा अकरावीला आहे. त्याचं अंथरूण दहा वाजेपर्यंत पडलेलं, जुने मोबाईल, वायरी, स्क्रू, बॅटऱ्या सगळ्या घरभर. त्याची आजी त्यावर पाय देते. एकदा मी रागाने सगळं गोणीत भरलं. तेव्हापासून तो जेवायला पण माझ्यासमोर बसत नाही.
– एक वडील, अशोक चौकाजवळ

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्राबद्दल आभार. गावातल्या निम्म्याहून जास्त मुलांना स्वतंत्र खोली नाही, आणि सल्ला देणारे मात्र प्रत्येक मुलाला दार आहे असं धरून चालतात.

ज्याला खोली नाही त्याला स्वतःची म्हणता येईल अशी थोडी तरी जागा लागतेच. तुमच्या घरात ती लोखंडी ट्रंक असू शकेल, माळ्याचा अर्धा भाग असू शकेल, भिंतीवरची एक फळी असू शकेल. अट एकच, तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. लहान बहिणीने नाही, आईने नाही, तुम्हीही नाही. कुलूप मागितलं तर द्या. मुलगा अकरावीत आहे, पाच माणसांत राहतो, कपडे बदलायलासुद्धा त्याला सगळे बाहेर जायची वाट बघावी लागत असेल. कुलुपाच्या पेटीत काही वाईट असेलच असं नाही. बहुतेक वेळा त्यात फक्त त्याचं असं काहीतरी असतं.

ती गोणी अजून असेल तर त्याला परत द्या. सोबत खणाखणांचा एखादा प्लास्टिकचा डबा द्या, स्क्रू-बॅटऱ्या ठेवायला. बाजारात स्वस्त मिळतो. तो पोरगा कचरा गोळा करत नाही, दुरुस्ती शिकतो आहे. तुम्ही स्वतः मागाचा बिघाड कानाने ओळखणारे. त्याने काय काय उघडून बघितलं ते एकदा त्याला विचारा. जेवायला समोर बसण्याचा रस्ता तिथून जाईल असं मला वाटतं.

मात्र दोन गोष्टींवर अडून बसा. फुगलेली बॅटरी घरात ठेवायची नाही, ती पेट घेते. आणि डाग देण्याचं, म्हणजे सोल्डरिंगचं, गरम काम शेडजवळ अजिबात नाही, कारण तिथे सुताचे बारीक तंतू हवेत आणि जमिनीवर असतात, ते ठिणगीने भडकतात. हे तुम्ही त्याच्यापेक्षा जास्त जाणता, तेव्हा कारागिराने कारागिराला सांगावं तसं सांगा.

अंथरुणाचं सोपं आहे. तुमची झोपायची वेळ त्याच्या उठायच्या वेळेला जोडा. तुम्ही पाळीवरून घरी आलात की त्याची वळकटी झालेली हवी, कारण तीच जागा तुम्हाला झोपायला लागते. हे कारण कुठलाही मुलगा समजू शकतो. सुट्टीत आठ वाजता झाली तरी चालेल, दहाचा हट्ट नको आणि सहाचाही नको. आणि आजीच्या वाटेवर काही नसावं. म्हातारपणी पडून खुबा मोडला तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, त्यालाही माहीत असू दे.

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा, आधीपासून टापटीप. पुस्तकं उंचीप्रमाणे लावायचा. दिवाळीनंतर सगळं बदललं. खोली उकिरड्यासारखी, आंघोळ दोन-दोन दिवस नाही, पार्क मैदानावर क्रिकेटला जाणं बंद, दिवसा झोपतो, रात्री जागा. विचारलं तर 'काही नाही'. शिस्त लावावी तर कशी?
– एक आई, विजापूर रोड

उत्तर : ताई, इथे शिस्तीचा विषय बाजूला ठेवा. वरच्या तिन्ही पत्रांतली मुलं पसारा करतात, पण त्यांचं बाकीचं आयुष्य चालू आहे. तुमच्या मुलाचं आयुष्य थांबल्यासारखं झालंय, आणि खोलीची दशा हे त्याचं फक्त दिसणारं टोक आहे. आवडता खेळ सुटणं, झोप उलटणं, अंगाची निगा सुटणं, बोलणं बंद होणं, यातलं बरंच काही दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर ते नैराश्य असू शकतं. तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत आणि त्यांनी मुलं बरी होतात. शाळेत कुणी छळत असेल, नशेचा काही प्रकार असेल, तेही दिसताना असंच दिसतं. म्हणून तज्ज्ञाने बघणं गरजेचं आहे.

आज खोली आवरायला सांगू नका. चहा घेऊन त्याच्याशेजारी बसा. 'तू आळशी झालास' असं म्हणू नका. 'तू पूर्वीसारखा दिसत नाहीस, मला काळजी वाटते, ओरडायला आले नाही' एवढं म्हणा. तो गप्प राहिला तर तुम्हीही गप्प बसा, उठून जाऊ नका. आणि एक प्रश्न विचारायला घाबरू नका : 'कधी जगू नये असं वाटतं का?' विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट, मनात असेल तर बोलायला वाट मिळते. 'हो' म्हणाला, तर त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि कीटकनाशकं कुलुपात ठेवा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराचा विभाग आहे. तिथे जाण्यात कमीपणा नाही. आज जाणं जमत नसेल तर 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी क्रमांक फिरवा. ही सेवा 2022 साली सुरू झाली. ती मोफत आहे, रात्री-अपरात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं. तुम्ही आई म्हणूनही फोन करू शकता, त्याने स्वतः करायलाच हवा असं नाही. हे पत्र छापून येण्याची वाट न बघता मी तुम्हाला वेगळं उत्तर पाठवलं आहे. ते मिळालं की कळवा.

प्रश्न : मी नववीत आहे. मी आणि माझा मोठा भाऊ एका खोलीत असतो. खोली दोघांची आहे, पण आवरायला फक्त मलाच सांगतात. आवरायच्या निमित्ताने मम्मी माझी डायरी पण वाचते. मी मम्मीला काय सांगू?
– नवी पेठेतली मुलगी

उत्तर : बाळ, तुझ्या दोन्ही तक्रारी योग्य आहेत. भांडणाच्या वेळी त्या काढू नकोस, कारण तेव्हा 'उलट बोलतेस' एवढंच ऐकलं जाईल. एखाद्या शांत संध्याकाळी मम्मी आणि पप्पा दोघं बसलेले असताना सांग. खोलीबद्दल असं म्हण : 'माझी बाजू मी आवरीन, दादाची बाजू दादाने. मधली जागा एक आठवडा मी, एक आठवडा तो.' हवं तर जमिनीवर खडूने रेघ ओढून दाखव. दादाच्या बाजूचा पसारा तू उचलू नकोस, मम्मी ओरडली तरी नाही. फक्त तुझी बाजू खरोखर नीट ठेव, म्हणजे तुझं म्हणणं कुणाला खोडता येणार नाही.

डायरीबद्दल मम्मीशी एकटीने बोल. ती वाचते, कारण तिला भीती वाटते की तुझ्या आयुष्यात काहीतरी चाललंय आणि ते तिला कळणार नाही. तिला सांग, की मला अडचण आली तर मी स्वतः येऊन सांगेन, पण डायरी वाचलीस तर मी लिहिणं आणि सांगणं दोन्ही बंद करीन. बोलणं अवघड वाटत असेल तर चिठ्ठी लिहून दे. तुझ्या पत्रावरून दिसतं, की तुला चांगलं लिहिता येतं.

आणि तुझी मम्मी हे वाचत असेल तर तिच्यासाठी : ताई, डायरी बंद करून जिथे होती तिथेच ठेवा, आणि आज संध्याकाळी झाडू तुमच्या मुलाच्या हातात द्या.